आजोबांची मेडलं कशी लावायची: जुन्या वर्दीवरच्या पदकांचा क्रम आणि बांधणी

आमचं घर बेळगावच्या कॅम्पातलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, त्यामुळे आजोबांपासून आमच्याकडे लष्करी शिवणकाम चालत आलं आणि वर्दीबरोबर मेडलं बांधून द्यायचं कामही. आता ते मी करते. ऑगस्ट जवळ आला की चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, साताऱ्याकडची माणसं डबा घेऊन येतात. डब्यात पणजोबांची चार-पाच मेडलं, विरलेल्या फिती आणि नशीब असेल तर एखादा फोटो. कुणाला फ्रेम करायची असते, कुणाला गावातल्या पुतळ्यासाठी शिल्पकाराला नमुना द्यायचा असतो, कुणी नाटकाच्या वेशभूषेसाठी विचारायला येतं. दोन महायुद्धांत हिंदी लष्करात लढलेल्या आपल्या माणसांच्या छातीवर मेडलं कशी बसत, हे या सगळ्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

सर्वांत आधी, घासू नका. चिंच-मीठ नको, राख नको, भांड्यांची पूड नको, पितळेचं पॉलिशही नको. पहिल्या महायुद्धाच्या मेडलांवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते: गोल मेडलांच्या कडेवर, स्टारच्या पाठीवर. ही अक्षरं बारीक आणि उथळ असतात. पॉलिश करकरून ती पार पुसली गेलेली मेडलं माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या बाबतीत मला काहीच करता येत नाही. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, भिंगातून कड वाचा आणि जसं लिहिलंय तसं वहीत उतरवून घ्या. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं पुष्कळदा कोरी सापडतात. तिथे डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) आणि पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचा कागद हाच आधार. कागदात नसलेलं मेडल डब्यात असेल तर ते भावाचं किंवा चुलत्याचंही असू शकतं. घरात दोघं-तिघं फौजेत गेलेली गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांची मेडलं एकाच डब्यात जमा झालेली असतात.

आता मेडलं ओळखायची. पहिल्या युद्धाची नेहमी सापडतात ती तीन. १९१४-१५ चा स्टार कांस्याचा, त्याची फीत लाल, पांढरी, निळी, रंग एकमेकांत विरघळत जाणारे. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, फितीच्या मधोमध रुंद नारिंगी पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी आणि काळी रेघ, कडा निळ्या. तिसरं व्हिक्टरी मेडल, कांस्याचं, त्याची फीत म्हणजे दोन इंद्रधनुष्यं शेजारी ठेवल्यासारखी, मध्ये लाल आणि कडांना जांभळा. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी कांस्याचं निघालं तर ते नकली समजून बाजूला टाकू नका. मजूर पलटणींना, हमालांना, बिगरलढाऊ कामगारांना ते कांस्याचंच दिलं गेलं. अशी मेडलं चांदीच्यापेक्षा कमी सापडतात, आणि माझ्या मते ती जास्त जपायला हवीत, कारण त्या माणसांचे फोटो आणि कागद फारसे उरलेच नाहीत.

दुसऱ्या युद्धात सहा टोकांचे पिवळ्या धातूचे स्टार आले. दिसायला सगळे सारखे, मधल्या कड्यावरचं नाव तेवढं वेगळं. मराठी घरांत बहुतेक करून १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, बर्मा स्टार आणि इटली स्टार सापडतात. त्यांच्याबरोबर गोल मेडलं: डिफेन्स मेडल, वॉर मेडल १९३९-४५ आणि इंडिया सर्व्हिस मेडल. या शेवटच्याच्या पाठीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा असतो, म्हणून ते लगेच ओळखू येतं.

क्रमाचा मूळ नियम असा. मेडलं छातीच्या डाव्या बाजूला, एका आडव्या रेषेत. मानाची जागा बटणांच्या पट्टीकडची, म्हणजे छातीच्या मध्याकडची. तिथून डाव्या खांद्याकडे मान उतरत जातो. समोरून बघणाऱ्याला हे डावीकडून उजवीकडे वाचता येतं. फ्रेम बनवताना माणसं टेबलावर मेडलं मांडतात आणि सैनिकाची डावी-उजवी की बघणाऱ्याची, यात अडकतात. मी कोऱ्या कागदावर एका टोकाला ‘बटणं’ आणि दुसऱ्या टोकाला ‘खांदा’ असं लिहून मेडलं त्यावर मांडते. तुम्हीही तसंच करा.

बटणांपासून सुरुवात केली की पहिली येतात शौर्याची पदकं. व्हिक्टोरिया क्रॉस सगळ्यांच्या आधी, त्याची फीत गर्द किरमिजी. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटची फीत गडद निळी आणि कडा किरमिजी. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची त्याच्या उलट, मध्ये किरमिजी आणि कडा निळ्या. या दोन फिती अदलाबदल झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघा: मेरिटचा मान मोठा आणि जागा आधीची. शौर्यपदकांनंतर मोहिमांची मेडलं, साधारणपणे ज्या क्रमाने मोहिमा झाल्या त्या क्रमाने. मग राज्याभिषेक किंवा ज्युबिलीची मेडलं, जसं १९३५ चं आणि १९३७ चं. अगदी शेवटी, खांद्याकडे, दीर्घ सेवा आणि चांगल्या वर्तणुकीचं मेडल.

पहिल्या युद्धाच्या तिघांचा आपसातला क्रम ठरलेला आहे: स्टार, मग ब्रिटिश वॉर मेडल, मग व्हिक्टरी मेडल. युद्धानंतर त्याच सैनिकाला वझिरिस्तानात किंवा इराकमध्ये मेडल मिळालं असेल तर ते त्यांच्या नंतर. पण इंडिया जनरल सर्व्हिस मेडल त्याला १९१४ च्या आधीच मिळालेलं असेल, तर ते स्टारच्याही आधी, बटणांकडे जातं. म्हणजे मेडलाचं नुसतं नाव बघून जागा ठरत नाही. फितीवर बसवलेली धातूची आडवी पट्टी, जिला क्लास्प म्हणतात, ती वाचावी लागते. क्लास्प एकाहून जास्त असतील तर आधी मिळालेला खाली, मेडलाला लागून, आणि नंतरचे त्याच्यावर.

दुसऱ्या युद्धाचा क्रम असा: १९३९-४५ स्टार, आफ्रिका, बर्मा, इटली, मग डिफेन्स मेडल, मग वॉर मेडल, आणि त्याच्या मागून इंडिया सर्व्हिस मेडल. यातली जी नसतील ती गाळायची, क्रम मात्र हलवायचा नाही.

खरी अडचण येते ती १९४७ नंतरही फौजेत राहिलेल्यांची. समजा, एक मराठा हवालदार आफ्रिका आणि इटली करून आला आणि पुढे काश्मीरच्या लढाईतही होता. त्याच्याकडे ब्रिटिश मेडलांबरोबर १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल आहे, जम्मू-काश्मीरच्या क्लास्पसह, आणि स्वातंत्र्याचं इंडियन इंडिपेन्डन्स मेडलही. अशा छातीवर स्वतंत्र भारताची मेडलं आधी येतात आणि ब्रिटिश काळातली त्यांच्या मागून. फील्ड मार्शल माणेकशॉंच्या छातीवरच्या फिती बघा. १९४२ साली बर्मात मिळवलेला मिलिटरी क्रॉस हे शौर्याचं पदक, तरीही तो भारतीय मेडलांच्या नंतर येतो, आणि त्याच्या मागे १९३९-४५ स्टार आणि बर्मा स्टार. म्हणून बांधायला घेण्याआधी ठरवा, हा माणूस निवृत्त कधी झाला? युद्ध संपल्यावर घरी आलेल्याची मेडलं जुन्या क्रमाने बांधावीत. पुढेही नोकरी केलेल्याची भारतीय क्रमाने. त्या १९४७ च्या जनरल सर्व्हिस मेडलवर म्यानाबाहेर काढलेली, पातं वर केलेली भवानी तलवार आहे. डब्यात ते सापडलं की मी ते त्या घरच्या मुलांच्या हातात देते आणि तलवार दाखवते. राजाच्या मुखवट्याच्या जागी भवानी आली, ही गोष्ट पोरांच्या लगेच लक्षात येते.

फितीची दिशा बहुतेक जण चुकवतात. दोन्हीकडून सारखी असलेली फीत कशीही लावली तरी चालते, पण काही फितींना डावं-उजवं असतं. १९१४-१५ स्टारचा लाल रंग बटणांकडे. १९३९-४५ स्टारच्या फितीत तीन सारखे पट्टे, गडद निळा नौदलाचा, लाल सेनेचा, फिकट निळा हवाई दलाचा. त्यातला गडद निळा बटणांकडे आणि फिकट निळा खांद्याकडे. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची, मधोमध रुंद लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी बारीक रेघ आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी. तिथेही गडद निळी बटणांकडे. बर्मा स्टार आणि इटली स्टार दोन्ही बाजूंनी सारखे. स्वतंत्र भारताच्या महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी आणि वीर चक्राची अर्धी निळी, अर्धी केशरी. दोन्हींत केशरी रंग डाव्या खांद्याकडे.

आफ्रिका स्टारच्या फितीवर कधी चांदीचा छोटा ‘८’ आकडा असतो. तो उत्तर आफ्रिकेत लढलेल्या ब्रिटिश आठव्या आर्मीचा, आणि २३ ऑक्टोबर १९४२ ते १२ मे १९४३ या काळात त्या आर्मीत असलेल्यांनाच. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर लढून त्याआधीच परत आलेल्याला आफ्रिका स्टार मिळतो, पण ‘८’ मिळत नाही. हल्ली शोभेसाठी तो सरसकट चिकटवला जातो, ते मला मुळीच पटत नाही. आणखी एक, तो आकडा फक्त मेडलाशिवाय नुसत्या फितीची पट्टी लावताना असतो. पूर्ण मेडल लावलं की त्याच्या जागी ‘8th Army’ चा क्लास्प येतो, आकडा नाही. ब्रॉन्झचं ओकचं पान फितीवर असेल तर त्या सैनिकाचं नाव कामगिरीच्या अहवालात गौरवाने आलं होतं. पहिल्या युद्धात ते व्हिक्टरी मेडलच्या फितीवर बसतं, दुसऱ्या युद्धात वॉर मेडलच्या.

नाटक, मालिका किंवा पुतळ्यासाठी विचारणाऱ्यांना मी आधी साल विचारते. मेडल कधी मिळालं यापेक्षा ते कधी जाहीर झालं हे तिथे महत्त्वाचं. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो मरणोत्तर, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी. तेव्हा इटलीतल्या कुणाच्याही छातीवर इटली स्टारची फीत असणं शक्य नव्हतं, कारण तो स्टार मे १९४५ मध्ये आला. वॉर मेडल त्याच्याही नंतर, ऑगस्टमध्ये, आणि इंडिया सर्व्हिस मेडल १९४६ मध्ये. १९४३ पासून १९३९-४५ स्टार (तेव्हा त्याचं नाव १९३९-४३ स्टार होतं) आणि आफ्रिका स्टार यांच्या फिती मात्र दिसू शकतात. तेही फितीच, धातूचे स्टार हातात पडायला युद्धानंतर काही वर्षं गेली. पहिल्या युद्धाचंही तसंच. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल १९१९ मध्ये मंजूर झाली, म्हणून मेसोपोटेमियातल्या खंदकात उभ्या सैनिकाच्या छातीवर ती चढवू नका.

फीत आधी आणि मेडल मागून, ही रीत ध्यानात राहावी म्हणून माणेकशॉंचीच हकिगत सांगते. फेब्रुवारी १९४२ मध्ये बर्मातल्या सितांग पुलापाशी ते पोटात गोळ्या लागून पडले होते. त्यांच्या डिव्हिजनचे ब्रिटिश अधिकारी डेव्हिड कोवन यांनी स्वतःच्या छातीवरची मिलिटरी क्रॉसची फीत काढून त्यांच्या छातीवर लावली, कारण मेलेल्याला मिलिटरी क्रॉस देता येत नसे. आघाडीवर माणसाच्या अंगावर असते ती फीतच. मेडलं परेडला, दरबाराला आणि स्टुडिओतल्या फोटोला.

जुना फोटो वाचायचा असेल तर दोन गोष्टी जपा. मेडलं उजव्या बाजूला दिसली तर फोटो उलटा छापलेला असू शकतो. कोटाची बटणं कुठल्या बाजूने लागलीत ते बघून खात्री करा. दुसरं, त्या काळच्या फोटोच्या बऱ्याच काचांना आणि फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल आणि नारिंगी फोटोत काळपट येतात आणि निळा फिकट. ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीतली नारिंगी अशा फोटोत गडद दिसते आणि माणसं तिला दुसरंच काहीतरी समजतात. म्हणून रंगावर न जाता पट्ट्यांची संख्या आणि रुंदी मोजा.

आता बांधणी. जुनी पद्धत मोकळ्या मेडलांची: पितळी पट्टीवर फिती शिवायच्या आणि मेडलं खाली लोंबती राहतात, चालताना किणकिणतात. मेडलं पुठ्ठ्यावर घट्ट बसवायची कोर्ट पद्धत आता सगळीकडे दिसते, पण जुन्या सैनिकाच्या मेडलांना मोकळीच शोभते आणि त्याच्या फोटोशीही तीच जुळते.

फीत सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद. पाच मेडलं शेजारी शेजारी लावायची तर १६० मिलिमीटर लागतात, आणि तेवढी पट्टी काखेत शिरते. म्हणून फिती एकमेकींवर चढवतात. हिशोब सोपा आहे. पट्टी ११२ मिलिमीटरची घेतली, तर त्यातून ३२ वजा करा, उरले ८०. पाच मेडलांच्या मधल्या चार टप्प्यांनी भागा, आले २०. म्हणजे बटणांकडची पहिली फीत पूर्ण दिसेल आणि पुढच्या प्रत्येकीचे २० मिलिमीटर. सर्वांत मानाचं मेडल सगळ्यांच्या वर आणि अख्खं दिसायला हवं, म्हणून शिवताना सुरुवात खांद्याकडच्या शेवटच्या मेडलापासून करायची आणि बटणांकडे येत जायचं. उलट सुरुवात केलीत तर व्हिक्टरी मेडल वर आणि स्टार खाली दडतो.

पट्टीवर आधी ताठ बकरम (कॉलरच्या आत घालतात ते कडक कापड) गुंडाळा, म्हणजे फीत धातूवर सरकत नाही. प्रत्येक फीत सहा इंच कापा, मेडलाच्या कडीतून ओवा, दुमडा. स्टारची कडी छोटी गोल असते, त्यात फीत चुरगळते. तिथे कडा थोड्या आत घडी घालून ओवली तर सरळ पडते. वॉर मेडलला आडवी दांडी असते, तिथे हा त्रास नाही. टाचण्यांनी सगळं जागेवर धरून पट्टी उभी करा आणि मेडलांच्या खालच्या कडा एका रेषेत येतात का ते पाहा. स्टार उंच आणि गोल मेडलं बुटकी, त्यामुळे फितींची लांबी थोडी कमीजास्त ठेवावी लागते. रेषा जमली की मगच सुई. दोरा सुती, टाके मागच्या बाजूला. गोंद अजिबात नको. गोंदाने फीत कडक होते आणि पुढच्या पिढीला ती सोडवता येत नाही. मुखवटा समोर ठेवायचा हा नियम. पुष्कळ जणांना राजाऐवजी इंडिया सर्व्हिस मेडलवरचा नकाशा दिसायला हवा असतो. अंगावर लावायचं असेल तर मी मुखवटाच समोर ठेवते. फ्रेममध्ये घरच्यांची इच्छा असेल तर नकाशा वर करून देते.

जुनी फीत विरली असली तरी टाकू नका. तिचा तुकडा नव्या फितीच्या मागे पाकिटात ठेवा. फीत खरंच जुनी आहे का, हे पाहायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. नव्या कृत्रिम धाग्याची फीत पुष्कळदा लख्ख पांढरी-निळी चमकते, जुनी निस्तेज राहते.

काही डब्यांत मेडलांबरोबर गळ्यात घालायची पदकंही निघतात. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सुभेदार-जमादारांसारख्या हिंदी अधिकाऱ्यांचा मान. पहिल्या वर्गाला ‘सरदार बहादुर’, दुसऱ्याला ‘बहादुर’. तो गळ्यात. ‘रावबहादुर’, ‘रावसाहेब’ या मुलकी किताबांचे बिल्लेही फितीने गळ्यात घालत. कैसर-ए-हिंद हे लोकसेवेचं पदक मात्र छातीवर. पंडिता रमाबाईंना ते मिळालं होतं. गांधीजींनी आपलं १९२० मध्ये सरकारला परत केलं. स्त्रिया ते फितीच्या बोवर डाव्या खांद्याजवळ लावत. गळ्यातली पदकं मेडलांच्या पट्टीत घुसवू नका, फ्रेममध्ये वेगळी, वरच्या बाजूला ठेवा.

राहिला प्रश्न, वारसांनी ती लावावीत का? ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वारस स्मरणदिनाला पूर्वजांची मेडलं छातीच्या उजव्या बाजूला लावतात. डावी बाजू ज्याने ती मिळवली त्याची. गावच्या कार्यक्रमात नातवाने उजवीकडे लावली तर मला त्यात मानच दिसतो. वर्दी घालून, स्वतः सैनिक असल्याचं भासवून लावणं मात्र कायद्याने गुन्हा आहे, हे नाटकवाल्यांनी रंगमंचाबाहेर पडताना लक्षात ठेवावं.

फ्रेम झाली की तिच्या मागे कागद चिकटवा. त्यावर सैनिकाचं पूर्ण नाव, नंबर, हुद्दा, पलटण, गाव, कोणतं मेडल कोणत्या मोहिमेचं, कोणती फीत नवी घातली आणि ती कोणत्या साली, हे सगळं पेन्सिलीने लिहा. शाई उन्हाने उडते. आणि डिस्चार्ज बुकची प्रत त्याच पाकिटात ठेवा, मूळ बुक कपाटात कुलपाआड.